वस्तीतल्या कुटुंबांना हातभार लावायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी

समाजासाठी काहीतरी करावे अशी इच्छा झाली की बहुतेकांचे पहिले पाऊल वस्तूंकडे वळते. जुने कपडे गोळा होतात, वह्यांचे गठ्ठे येतात, थंडीत ब्लँकेटे आणि दिवाळीत फराळाची पाकिटे वाटली जातात. यात वाईट काही नाही. परंतु हातावर पोट असलेल्या कुटुंबाला सर्वांत जास्त चणचण असते ती वेळेची, हे वाटप करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला तहसील कार्यालयात एक फेरी मारायची झाली तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" असे ऐकून परतावे लागले तर दुसराही बुडतो. नवरा रुग्णालयात दाखल असेल तर बायकोने त्याच्याजवळ थांबावे, औषधे आणावीत, घरची मुले सांभाळावीत की कामावर जावे, याचे उत्तर त्या घरात कोणाकडेच नसते. अशा घराला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी हजर राहणारा आणि कागद वाचता येणारा एक माणूस मिळाला, तर त्याचा उपयोग ब्लँकेटापेक्षा कितीतरी जास्त होतो. पुढील मार्गदर्शन हे अशा माणसासाठी आहे.

आधी विचारावे कोणाला

नवी संस्था काढण्याची घाई करू नये. तुमच्या परिसरात कोणत्या घराला कशाची नड आहे, हे जाणणारी माणसे आधीपासून तेथे काम करत असतात, आणि त्यांत पहिले नाव अंगणवाडी सेविकेचे घ्यावे लागेल. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून शून्य ते सहा वर्षांची मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांची नोंद अंगणवाडीत ठेवली जाते. कोणत्या मुलाचे वजन घटले आहे, कोणत्या घरातला कर्ता माणूस गेला, कोणती सून माहेरी परतली, हे सेविकेला गल्लीतल्या कोणत्याही पुढाऱ्यापेक्षा आधी कळते. मुले घरी गेल्यानंतरच्या वेळी जावे, स्वतःची ओळख द्यावी, आणि "ताई, तुमच्या कामात मला कोणती मदत करता येईल?" इतकेच विचारावे. ती तुम्हाला घरांची यादी देणार नाही, आणि देऊही नये. मात्र अमुक घरी मुलाचा जन्मदाखलाच निघालेला नाही, तमुक घरी आजी एकटी आहे, असे हळूहळू सांगू लागेल. पहिल्या भेटीत काहीच सांगितले नाही तर नाराज होऊ नये. अनेक उत्साही मंडळी एकदा फोटो काढून गेलेली तिने पाहिलेली असतात.

आशाताईंकडे गावातील किंवा वस्तीतील आजारपणाची माहिती असते. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतील मुख्याध्यापकांना कोणती मुले गैरहजर राहू लागली आहेत ते ठाऊक असते, आणि रेशन दुकानदाराला कोणाचे धान्य अडले आहे ते ठाऊक असते. याखेरीज महिला बचत गट आणि गणेश मंडळ ही दोन ठिकाणे दुर्लक्षू नयेत. गणेश मंडळाकडे तरुण मुले असतात, बसायला जागा असते, आणि दहा दिवस संपल्यावर दोन्ही बऱ्याच अंशी रिकामीच पडून असतात.

कागदपत्रांचे काम

स्वयंसेवकाने एकच काम निवडायचे ठरवले, तर माझ्या मते ते कागदपत्रांचे असावे. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, शिक्षण उपयोगी पडते, आणि परिणाम वर्षानुवर्षे टिकतो. समाजमंदिरात किंवा मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी दहा ते एक अशी वेळ ठरवून एक टेबल मांडावे. टेबलावर एक नोंदवही, स्टेपलर, शाईचे पॅड, कोरी स्वयंघोषणापत्रे आणि योजनांनुसार लागणाऱ्या कागदांच्या छापील याद्या असाव्यात. जवळपास झेरॉक्सचे दुकान उघडे असेल हे आधीच पाहून घ्यावे. येणाऱ्या व्यक्तीला प्रथम पिशवीतले सगळे कागद टेबलावर मांडायला सांगावे आणि त्यांवरील नावे एकमेकांशी ताडून पाहावीत. खरी अडचण तेथेच दडलेली असते. आधारवर सासरचे आडनाव असते, बँकेच्या पासबुकावर माहेरचे. रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव "दत्ता" असते आणि मृत्यूच्या दाखल्यावर "दत्तात्रय". इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतो, आणि तो का परत आला हे त्या बाईला कोणी सांगत नाही. कोणता कागद आधी दुरुस्त करायचा याचा क्रम लावून देणे, हेच निम्मे काम आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये अनेक दाखल्यांसाठी शपथपत्राची सक्ती काढून स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरवले आहे; तरीही कोणी शपथपत्र मागितले, तर ते नेमके कोणत्या नियमाखाली लागते असे नम्रपणे विचारावे.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला हे आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतात. अर्ज दिल्यावर पावती घ्यायला लावावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे आणि त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलेली आहे. मुदत उलटली तर अपील करता येते, मात्र त्यासाठी पावती हातात असावी लागते.

या टेबलावर दरवर्षी सर्वाधिक गर्दी होते ती शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. २००९ च्या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागतात आणि आठवीपर्यंत त्या मुलांकडून शुल्क घेता येत नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द केला. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि प्रवेश सोडतीने होतो. आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा कमी असल्याचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग बालक अशा वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही, परंतु जातीचे किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

अर्ज बाद होतात ते बहुधा तीन कारणांनी. भाड्याने राहणाऱ्या पालकांकडे दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला भाडेकरार नसतो आणि घरमालक तो करून द्यायला तयार नसतो. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेला साधा करार चालत नाही. दुसरे कारण म्हणजे नकाशावर घराचे ठिकाण चुकीचे दाखवले जाते. सायबर कॅफेवाला घाईत जवळच्या चौकावर खूण करतो, घरापासून शाळेपर्यंतचे अंतर बदलते, आणि पडताळणीत प्रवेश रद्द होतो. म्हणून अर्ज भरताना पालकांना शेजारी बसवून, "हे मारुतीचे देऊळ, मग तुमची गल्ली डावीकडे ना?" असे विचारत खूण करावी. तिसरे, एकाच बालकाचे दोन अर्ज भरले जातात. एक वडिलांनी भरलेला असतो, दुसरा मामाने, आणि दोन्ही बाद होतात. अर्जाची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे ती जाहीर होण्याची वाट न पाहता दिवाळीच्या सुट्टीतच भाडेकरार आणि दाखले तयार करून ठेवावेत. सोडतीनंतर मोबाईलवर येणाऱ्या संदेशावर विसंबून न राहता संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून पाहणे, हेही स्वयंसेवकाचेच काम समजावे, कारण मधल्या काळात त्या घरातला मोबाईल नंबर बदललेला असण्याची शक्यता मोठी असते.

प्रवेश मिळाला की स्वयंसेवक पेढा खाऊन निघून जातात, आणि येथे एक गोष्ट सुटते. इंग्रजी माध्यमाच्या पहिलीत बसलेल्या मुलाच्या घरी शाळेची डायरी वाचू शकणारे कोणी नसते. शाळेच्या ग्रुपवरचा संदेश, उद्या पिवळा शर्ट घालून यायची सूचना, प्रोजेक्टसाठी लागणारा चार्ट पेपर हे सगळे त्या आईला समजत नाही आणि शिक्षिकेला विचारायचा संकोच वाटतो. अशा तीन-चार मुलांना रोज संध्याकाळी तासभर बसवून गृहपाठ करून घेणारे निवृत्त काका किंवा महाविद्यालयात शिकणारी ताई मिळाली, तर पहिल्या वर्षी होणारी गळती थांबू शकते. हे काम शेजारीच मिळते, त्यासाठी कुठे नाव नोंदवावे लागत नाही.

इतर योजनांविषयी थोडक्यात. विधवा, दिव्यांग, गंभीर आजारी अशा पासष्ट वर्षांखालील निराधार व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि त्यापुढील वयाच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा अतिशय कमी असल्यामुळे पुष्कळ गरजू बाहेर राहतात, हे आधीच सांगून ठेवावे, खोटी आशा लावू नये. ज्यांचे अनुदान चालू होते आणि मध्येच थांबले, त्यांचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का आणि हयातीचा दाखला दिला आहे का, हे प्रथम पाहावे. एक पालक गमावलेल्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिचा निर्णय बाल कल्याण समिती घेते, आणि विचारणा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी लागते. ही योजना ज्यांना मिळायला हवी, त्यांतल्या अनेकांना तिचे नावही माहीत नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतील वाचकांसाठी वेगळे काम आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्यांच्या जोड्या, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायको, पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर गेली तर शाळा तुटते, मागे राहिली तर थकलेल्या आजी-आजोबांवर पडतात. शाळेच्या स्तरावर हंगामी वसतिगृहाची सोय आहे, परंतु त्यासाठी मुलांची नावे स्थलांतराआधी निश्चित व्हावी लागतात. म्हणून मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीबरोबर बसून पोळ्यानंतर लगेच घरोघरी फिरावे. टोळी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बांधली गेली की आई-बापाच्या हातात फारसे काही राहत नाही.

याच फेरीत रेशनचे काम उरकावे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली अंत्योदय, म्हणजे अतिगरीब, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते, आणि कार्ड आधारशी जोडलेले असेल तर ते दुसऱ्या गावच्या दुकानातूनही उचलता येते. तसेच कुटुंबातील काहींनी कारखान्याच्या गावी आपला वाटा घ्यावा आणि उरलेला वाटा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आपल्या गावी घ्यावा, असेही करता येते. हे बहुतेकांना माहीत नसते. प्रत्येक सदस्याचे ई-केवायसी निघण्यापूर्वी झाले आहे का, एवढे तपासून दिले तरी पाच-सहा महिन्यांचे धान्य वाचते. कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांनी उलट बाजूने मदत करावी: कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, जाऊन लहान मुलांचे लसीकरण राहिले आहे का, गरोदर बाई कोणत्या महिन्यात आहे, हे विचारून तेथील आशाताईंना कळवावे.

रुग्णालयातील सोबत

मोठ्या सरकारी रुग्णालयांत, मग ते मुंबईचे केईएम असो, पुण्याचे ससून, संभाजीनगरची घाटी किंवा नागपूरचे मेडिकल, दूरच्या तालुक्यांतून आलेली कुटुंबे पहिल्याच दिवशी गोंधळून जातात. केसपेपर कुठे काढायचा, रक्ताचे नमुने कोणत्या मजल्यावर द्यायचे, सही कोणाची घ्यायची, हे सांगणारा माणूस मिळाला तर त्यांचा अर्धा दिवस वाचतो. हे काम स्वतःच्या मनाने वॉर्डात घुसून करू नये. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा वैद्यकीय समाजसेवक असतात. त्यांना भेटून आठवड्यातील एक सकाळ ठरवून घ्यावी.

येथे दोन तरतुदी पाठ असाव्यात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत मोफत मिळतात, आणि अशा रुग्णालयात रुग्णांना मदत करण्यासाठी आरोग्यमित्र नेमलेला असतो. सगळे आजार आणि सगळी रुग्णालये यात येत नाहीत, म्हणून दाखल होण्याआधीच त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावे. दुसरी तरतूद धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे रेशनकार्ड त्यासाठी दाखवावे लागते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम भरली नाही म्हणून रुग्णाला परत पाठवता येत नाही. काउंटरवर "अशी काही योजना नाही" असे उत्तर मिळाले, तर वाद न घालता रुग्णालयातील समाजसेवकाची भेट मागावी, आणि तेथेही दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय हा वेगळाच विषय आहे. उपचार महिनोन्महिने चालतात आणि मुंबईत राहण्याची सोय नसलेली कुटुंबे आसपासच्या पदपथावर पथारी टाकतात. रुग्णांच्या नातेवाइकांना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून गाडगेबाबांनी मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या, दादरची धर्मशाळा आजही त्यांच्या नावाने हे काम करते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, आणि कर्करोगग्रस्त लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे आहेत. अशा ठिकाणी स्वयंपाकाला हात लावण्यापासून मुलांना शिकवण्यापर्यंत कामे असतात. याशिवाय प्लेटलेट दानाची गरज सतत असते, कारण प्लेटलेट पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत आणि त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. एका मोठ्या रक्तदान शिबिरापेक्षा, फोन आल्यावर दीड-दोन तास काढून येऊ शकणाऱ्या वीस माणसांची यादी रक्तपेढीला अधिक उपयोगी पडते.

संस्था निवडताना आणि काम करताना

एखाद्या संस्थेबरोबर काम करायचे असेल तर तिची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी पाहावी, वार्षिक अहवाल मागावा, आणि स्वयंसेवकावर देखरेख कोण करते हे विचारावे. मुलांबरोबर काम करणारी संस्था तुमची काहीच चौकशी न करता पहिल्याच दिवशी मुलांमध्ये सोडत असेल, तर तेथून परत फिरावे. अहिल्यानगरचे स्नेहालय, शिक्षणक्षेत्रातील प्रथम, ससूनच्या आवारातून काम सुरू केलेले सोफोश ही जुनी नावे आहेत. मात्र घरापासून दीड तास दूर असलेल्या नामवंत संस्थेपेक्षा दहा मिनिटांवरची लहान, प्रामाणिक संस्था बरी, कारण तेथे तुम्ही पावसाळ्यातही जाल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास झाडलोटीत घालवण्यापेक्षा वर सांगितलेल्या टेबलावर बसण्याची परवानगी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे मागून पाहावी.

परदेशातून पैसे पाठवू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीची देणगी परकीय देणगी मानली जात नाही. परंतु अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांची मानली जाते, मग त्यांच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे, कार्ड असले तरी. अशी देणगी परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. ओळखीतल्या लहान संस्थेच्या खात्यात परस्पर पैसे टाकले तर अडचणीत संस्था येते.

वागण्याचे नियम मोजकेच, पण कडक असावेत. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून घेऊ नयेत. झेरॉक्स काढून लगेच परत द्यावेत. कोणाचा ओटीपी, पासवर्ड किंवा पासबुक आपल्याकडे घेऊ नये. ओटीपी लागणार असेल तर ती व्यक्ती स्वतःच्या मोबाईलसह समोर बसलेली असावी. घरी जायचे झाल्यास दोघांनी जावे. उसने पैसे देऊ नयेत, कारण त्या दिवसापासून ते घर तुम्हाला टाळू लागते. फोटो काढू नयेत, विशेषतः मुलांचे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. एखाद्या मुलाला मारहाण किंवा लैंगिक त्रास होत असल्याचे लक्षात आले, तर शेजारपाजारी चर्चा करू नये आणि घरच्यांना जाब विचारायलाही जाऊ नये. १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर कळवावे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणे हाही गुन्हा आहे. स्त्रियांसाठी १८१ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक टेबलावर लिहून लावावेत.

नोंदवहीत प्रत्येक घरासाठी एक पान ठेवावे: काय काम, कोणता कागद कमी, अर्ज क्रमांक, पुढची तारीख. घरातील भांडणे, आजाराची नावे, जातीचा उल्लेख यांपैकी कामाला आवश्यक नसलेले काहीही त्यात लिहू नये. तुमची बदली झाली, बाळंतपण आले किंवा कंटाळा आला तरी महिनाभर आधी दुसऱ्या माणसाला टेबलावर शेजारी बसवावे, अर्धवट राहिलेल्या अर्जांच्या घरी त्याला स्वतः घेऊन जावे, आणि "यापुढे हे दादा बघतील" असे सांगून त्याचा नंबर तेथेच त्यांच्या मोबाईलमध्ये साठवून द्यावा.